रोग्याची हकीकत आणि औषधाची विद्या

औषधाची विद्या ग्रंथांतून मिळते कीं रोग्याच्या तोंडून, हा प्रश्न जुना आहे. रोग्याची हकीकत त्याच्याच शब्दांत चित्रफितीवर घ्यावी आणि औषधशास्त्राच्या वर्गांत विद्यार्थ्यांस दाखवावी, अशी पद्धत हल्लीं कांहीं वैद्यकीय महाविद्यालयांतून दिसते. तिला कोणी नवी टूम म्हणतील. परंतु साधन नवें असलें तरी त्यामागील विचाराला महाराष्ट्रांत पावणेदोनशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्यास जोडून जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झालें. कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा कटाक्ष असा कीं, विद्यार्थ्यानें व्याख्यान ऐकून न थांबतां रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून शिकावें. १८५१ सालीं येथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. पुढें १८५६ सालीं मोरहेड यांनीं हिंदुस्थानांतील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पाया रोग्यांच्या नोंदींचाच होता.

औषधशास्त्राचा वर्ग मात्र कालांतरानें प्रयोगशाळेंत शिरला. बेडकाच्या हृदयावर औषधाचा थेंब टाकावा आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटणारी रेषा पाहावी, अशा रीतीनें विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या औषधांचे गुण शिकल्या. त्या रेषेवरून औषधाचें बळ कळे; पण बेडूक बोलत नाहीं. गोळी परवडली नाहीं, चक्कर आली म्हणून सोडली, शेजाऱ्याची उसनी घेतली, हें माणूसच सांगूं शकतो.

रोग्याजवळ बसून औषधाची वाट कशी सांपडते, याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. जालना जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या भागांत तांबड्या विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत असत आणि खात्रीचा इलाज ठाऊक नव्हता. डॉक्टर रोग्यापाशीं तासन् तास बसून टिपीत गेले: उलटी, घामाच्या धारा, गार पडलेले हातपाय, आधीं चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसांत सांचणारें पाणी. १९८२ सालीं तीं लक्षणें ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. विषामुळें शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतें. रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध त्याच वाहिन्या सैल करतें. त्याचा येथील उपयोग त्यांनीं १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत मांडला. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आतां याच औषधाचा एक अवगुण पाहा. पहिल्या मात्रेनंतर रोगी एकदम उठला तर रक्तदाब कोसळतो. ग्रंथांत हें एका ओळींत लिहिलेलें असतें आणि परीक्षेनंतर ती ओळ विसरली जाते. पण समजा, चित्रफितींत एकादी आई सांगते आहे: “पोर रडायला लागलं म्हणून कडेवर घेतलं, तर त्यानं मानच टाकली.” हें ऐकलेला विद्यार्थी पुढें गोळी देतांना “मुलाला निजवूनच ठेवा, उचलूं नका,” असें बजावल्याशिवाय राहणार नाहीं. औषध तेंच, मात्रा तीच. पण ही एक सूचना राहिली तर जीव धोक्यांत येतो.

२०१९ सालीं देशांत वैद्यकाचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. रोग्याशीं औषधाविषयीं सहानुभूतीनें बोलतां येणें, हें त्यांत औषधशास्त्राच्याच शिक्षणाचें अंग मानलें आहे. खाटेवरच्या दुखणाइतानें शंभर विद्यार्थ्यांपुढें शंभर वेळां आपली कथा सांगावी, हें माणुसकीला धरून नाहीं. चित्रफीत तें काम करूं शकते. मात्र तिला प्रतिप्रश्न विचारतां येत नाहीं, म्हणून खाटेची जागा ती घेऊं शकत नाहीं. शिवाय एका हकीकतीनें औषध सिद्ध होत नाहीं. प्रतिविष आणि प्राझोसिन हीं दोन्ही मिळून दिल्यास एकट्या प्राझोसिनपेक्षां रोगी लवकर बरा होतो, हें बावस्करांनीं ७० रोग्यांची पद्धतशीर तुलना करून २०११ सालीं दाखविलें. हकीकत प्रश्न उभा करते. उत्तर मोजमापानेंच मिळतें. आणि रोग्याची मोकळी संमति नसेल, तर त्याचा चेहरा पडद्यावर आणण्याचा अधिकार कोणासच नाहीं.

धाराशिवास आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीच्या माळावरचा शेतकरी तेथें जाईल, तेव्हां तो पुस्तकी भाषेंत बोलणार नाहीं. “कसंनुसं होतंय” एवढेंच म्हणेल. त्या दोन शब्दांत घाम आहे, घेरी आहे, कीं कालच सुरू केलेल्या गोळीचा परिणाम आहे, हें ओळखणारा डॉक्टर घडवावयाचा, तर विद्यार्थ्याचा कान या बोलीला आधींपासून सरावला पाहिजे. मोरहेड यांनीं विद्यार्थ्यांना खाटेपाशीं नेलें तें याचसाठीं.