कोफ्ता: कुटणारे हात आणि आईस्क्रीमचा चमचा

कानात इअरफोन असतीलच, पण आज डोळ्यांसमोर एक परात आणा. परातीत अर्धा किलो मटणाचा खिमा. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा, थोडं पंढरपुरी डाळ्याचं पीठ आणि मीठ. आता याचे गोळे करायचेत. तुमच्या घरी कसे करतात? हाताला पाणी लावायचं, चिमूट-दोन चिमूट जास्त-कमी करायचं आणि तळव्यावर फिरवायचं. बरोबर?

आता रील्समध्ये बघा. आईस्क्रीमवाल्याकडे असतो तसा खटक्याचा स्कूप. खिम्यात घातला, भांड्याच्या काठावर सपाट केला, खटका दाबला, टप. एक गोळा. टप. दुसरा. सगळे एका मापाचे. खाली कॉमेंट्समध्ये भांडण ठरलेलं: एक पार्टी म्हणते काय भारी, दुसरी म्हणते हाताची चव गेली.

तर आजचा भाग या भांडणावर. या छोट्याशा गोळ्याचा इतिहास काय, आणि त्यात हात नेमका कुठे आहे?

सुरुवात नावापासून करू. कोफ्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल आकार येतो. पण शब्दात गोल काहीच नाही. फारसीत 'कोफ्तन' म्हणजे कुटणं, ठेचणं. कोफ्ता म्हणजे कुटलेलं. बस. आपल्या 'कुटणे'च्या मागे संस्कृत 'कुट्ट' धातू आहे. भाषा दोन, काम एकच. म्हणजे ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना या पदार्थातली मोठी गोष्ट आकार वाटली नाही, मेहनत वाटली.

आणि ही मेहनत फक्त इराणातून आली असंही नाही. सुश्रुतसंहितेत 'वेसवार' नावाचा प्रकार आहे: हाडं काढलेलं मांस शिजवायचं, कुटायचं आणि मग पिंपळी, सुंठ, मिरी, गूळ, तूप घालून पुन्हा शिजवायचं. रोमन लोकांच्या 'एपिकियस' या पाककृतीसंग्रहात बारीक केलेल्या मांसाच्या पदार्थांचं एक अख्खं प्रकरण आहे. १२२६ मध्ये बगदादला लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात मांसाचे गोळे पुन्हा पुन्हा येतात. दात कमी झालेला राजा असो की घरातलं लहान पोर, चिवट मांस खाण्याजोगं करायचं तर ते आधी कोणीतरी कुटलं पाहिजे, हे जगात ठिकठिकाणी लोकांना कळलेलं होतं.

आता जरा आपल्या भागात येऊ. मी मूळची पारनेर तालुक्यातली, त्यामुळे आमचं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, मध्ये आणल्याशिवाय मला राहवत नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी राज्यातून वेगळं होऊन निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्ये नगर शहर वसवायला घेतलं. त्याच सुमारास नर्मदेपलीकडे मांडूच्या सुलतानासाठी 'निमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ तयार होत होता. त्यात कोफ्ते आहेत, समोसे आहेत, आणि चित्रांमध्ये सुलतानाभोवती राबणाऱ्या बायका आहेत. नगरच्या दरबारातही इराणकडून माणसं येत होती. मोठा इतिहासकार फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर तिकडूनच नगरला आला. माणसं आली की त्यांच्याबरोबर शब्द येतात, आणि शब्दांबरोबर स्वयंपाकही येतो.

या सगळ्या ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. खाणाऱ्याचं नाव असतं. कधीकधी लिहिणाऱ्याचंही असतं. कुटणाऱ्याचं मात्र नसतं.

नगरच्याच किल्ल्यातला एक किस्सा सांगते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे मोठे नेते या किल्ल्यात कैदेत आले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथेच लिहिली. त्या पत्रांत आझादांनी एका स्वयंपाक्याची गोष्ट फार मजेत सांगितली आहे. बिचाऱ्याला शहरातून स्वयंपाकासाठी आणलं, आणि आत आल्यावर कळलं की आता बाहेर जाता येणार नाही! आत कोण आहे ही बातमी फुटायला नको ना. गुन्हा काही नाही, तरी तोही कैदीच. तो पार भेदरून गेला. किल्ल्यात कोण कोण कैदेत होतं ते आपण शाळेत शिकलो. त्या स्वयंपाक्याचं नाव कोणाच्या पुस्तकात नव्हतं.

आता कुटण्याच्या साधनांकडे येऊ. आपल्याकडे पाटा-वरवंटा, खलबत्ता आणि खाटकाचा लाकडी ओंडका. आमच्याकडे जमिनीखाली सगळा काळा दगड, त्यामुळे पाट्याला तोटा नाही. पण पाटा वापरून गुळगुळीत होतो, मग वाटण नुसतं घसरतं. त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करावं लागतं. थोडक्यात काय, साधनालाही मेंटेनन्स होता आणि तो करणारीही कोणी होतीच.

काश्मीरमध्ये गुश्ताब्यासाठी मटण अजूनही दगडावर लाकडी हातोड्याने कुटतात. सुरीने मांस कापलं की तुकडे वेगळे राहतात, कुटलं की ते एकमेकांत मिसळतं आणि लवचिक होतं. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटी होऊन चिकट होतात, आणि तोच त्या गोळ्याचा डिंक. कोफ्ता रश्श्यात फुटतो तो बऱ्याचदा इथे कमी पडल्यामुळे. वळताना कितीही गोल केला तरी उपयोग नाही.

मग एकोणिसावं शतक आलं, आणि या गोष्टीतला सगळ्यात मोठा बदल झाला. हँडल फिरवायचं खिम्याचं यंत्र. त्याचं श्रेय सहसा कार्ल ड्रेस या जर्मन माणसाला देतात. नाव ओळखीचं वाटतंय? १८१७ मध्ये पायाने ढकलायची दोन चाकी गाडी काढणारा, सायकलचा खापरपणजोबा, तोच हा. यंत्र साधं आहे: आत मळसूत्र, ते मांस पुढे ढकलतं, पुढे फिरती पाती, त्यापुढे भोकांची चकती. लंडनच्या स्पाँग कंपनीची अशी यंत्रं घरोघरी गेली. आपल्याकडे ती आली साहेबी स्वयंपाकघरांच्या वाटेने. नगरचा किल्ला आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये घेतला होता आणि पुढे भिंगारला छावणी वाढली. अशा छावण्यांच्या गावांत टेबलाला स्क्रूने आवळायची यंत्रं नवलाची राहिली नाहीत.

१९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आलं. पाठारे प्रभू घरातल्या बाईने मराठीत लिहिलेलं, त्यात मटण-मासळीला भरपूर जागा. निदान इथे तरी स्वयंपाक करणारीचं नाव मुखपृष्ठावर आलं.

आता गंमत बघा. ज्या कामावरून पदार्थाला नाव मिळालं, तेच काम यंत्राने घेतलं. मशीनचा खिमा आपण आणतो आणि तरी त्याला कोफ्ता, म्हणजे 'कुटलेलं', म्हणतो. यावर कोणी फार रडलं नाही. कॉमेंट्समधलं भांडण आहे ते वळण्यावरून!

तर वळणारा चमचा कुठून आला? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात आल्फ्रेड क्रॅल नावाचा कृष्णवर्णीय तरुण हमाली आणि पोऱ्याची कामं करायचा. जन्म १८६६ चा, व्हर्जिनियातला. म्हणजे तिथली गुलामगिरी कायद्याने संपली त्याच्या पुढच्याच वर्षीचा. आईस्क्रीम वाढणाऱ्यांची धडपड तो बघायचा. चमच्याला आईस्क्रीम चिकटतं, सोडवायला दुसरा चमचा, दोन्ही हात गुंतलेले. त्याने एक साधन बनवलं: एका हाताने चालणारं, आत फिरणारी पाती, चिकटलेलं लगेच सुटणारं. २ फेब्रुवारी १८९७ ला त्याला पेटंट मिळालं. त्याचा साचा शंकूसारखा होता, अर्धगोल आकार नंतर रूढ झाला. शोध जगभर गेला, पण क्रॅलला त्यातून ना नाव मिळालं ना मोठा पैसा. वाढणाऱ्याचे हात कशात अडकतात हे त्याने पाहिलं, कारण तो स्वतः त्याच बाजूला उभा होता. टेबलावर बसून खाणाऱ्याला ते दिसलं नसतं.

थोडं गणित, कारण शेवटी मी पुण्यात बसून कोड लिहिणारी बाई आहे. अमेरिकन पद्धतीच्या स्कूपवर एक नंबर असतो. तो आकार नाही, ती संख्या आहे: एका क्वार्टमध्ये, म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटरमध्ये, किती स्कूप बसतात. ४० नंबर म्हणजे ९४६ भागिले ४०, साधारण २४ मिलिलिटर. नंबर मोठा तेवढा गोळा छोटा. २४ मिलिलिटरचा गोळा साडेतीन सेंटिमीटरचा होतो. कांदा-पिठासकट ६०० ग्रॅम मिश्रणाचे साधारण २५ गोळे.

आणि माप सारखं का हवं? एक गोळा ३.२ सेंटिमीटरचा आणि एक ४ सेंटिमीटरचा घ्या. डोळ्याला फरक किरकोळ वाटतो. पण वजन जवळजवळ दुप्पट, कारण घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. आतपर्यंत शिजायला वेळ साधारण दीडपट. म्हणजे रश्श्यात एक कच्चा राहणार किंवा दुसरा दगड होणार. एक काळजी मात्र घ्या: स्कूपमध्ये खिमा दाबून ठासायचा नाही, नाहीतर गोळा घट्ट होतो. स्कूप पाण्यात बुडवायचा, हलक्या हाताने भरायचा, काठावर सपाट करायचा. बाहेर येतो तो अर्धगोल, त्याला तळव्यावर एकच फिरकी द्यायची.

हे सगळं मी का शोधत बसले? माझ्या आजीमुळे. वय ७८. आखाडात तिच्या हातचे खिम्याचे गोळे ठरलेले. पण संधिवाताने बोटं आखडली आणि दोन वर्षं तिने गोळे केलेच नाहीत. आणि आपण केले नाहीत तर दुसऱ्याने करावेत हेही तिला चालेना. परात समोर आली की उठून ओसरीवर जाऊन बसायची. मी स्कूप दाखवला तेव्हा म्हणाली, "आगं, खिम्यात काय आईस्क्रीमचा चमचा घालतीस?"

मी म्हटलं, आजी, आधी तू दोन-चार वळून दाखव. तिने चार वळले आणि थांबली, पुढे होईना. ते चार मी वजनकाट्यावर ठेवले. २४, २५, २४, २४ ग्रॅम. दुखऱ्या बोटांनी, न मोजता, गप्पा मारत. आमच्या घरातली 'लिंबाएवढा गोळा' ही जी काही अंदाजपंचे गोष्ट वाटायची, ती अंदाजपंचे नव्हतीच. साठ वर्षं चालवलेलं यंत्र होतं ते, फक्त नंबर कुणी कोरला नव्हता. तिचा नंबर ४०. मग तिने मीठ चाखायला लावलं, मिश्रण मळून घेतलं, पीठ आणखी चमचाभर टाकायला सांगितलं, आणि खटका स्वतःच्या मुठीने दाबला. बोटं वळत नव्हती, पण मूठ मिटत होती.

आता पुन्हा त्या भांडणाकडे. हाताची चव असते का? असते, माझा विश्वास आहे. मीठ किती, पीठ किती, मळणं कुठे थांबवायचं, रस्सा कधी खदखदू द्यायचा नाही, हे सगळं त्या हाताला माहीत असतं. पण जुलमाने फिरवलेल्या पंचविसाव्या गोळ्यात ती चव नसते, तिथे फक्त दुखणं असतं. आणि 'हाताची चव गेली' हे वाक्य जरा लक्ष देऊन ऐका. बहुतेक वेळा ते परातीजवळून येत नाही, ताटाजवळून येतं.

कुटणं गेलं, वळणंही जाईल. जाऊ दे. जपायचं असेल तर त्या हातातलं माप जपा. पुढच्या वेळी घरी गेलात की वजनकाटा घेऊन बसा. आजीची मूठ किती ग्रॅमची, आईची चिमूट किती, मामाच्या रश्श्यातला 'थोडासा' म्हणजे नेमका किती. लिहून ठेवा, आणि त्याच्यापुढे नाव लिहा. पाककृतीचं नाही, माणसाचं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा आणि नीट जेवा!