वादविवाद स्पर्धा: पाठ केलेलं भाषण इथे का चालत नाही

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की स्पर्धांची पत्रकं यायला लागतात. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, मग शिवजयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. पिंपरी-चिंचवडपासून चाकण, राजगुरुनगर, तळेगावपर्यंत या निमित्तानं मुलं माइकसमोर उभी राहतात. यात वक्तृत्व स्पर्धा जास्त, वादविवाद कमी. दोन्ही एकच समजून तयारी केली की मूल ऐनवेळी अडकतं.

वक्तृत्वात विषय आधी मिळतो, मूल एकटं बोलतं, चार-पाच मिनिटांत खाली उतरतं. भाषण बहुतेक वेळा सरांनी किंवा बाईंनी लिहून दिलेलं असतं. मुलाचं काम पाठांतर, हावभाव आणि आवाज. त्यालाही मेहनत लागते, पण समोरून कुणी उलटून विचारत नाही.

वादविवादात विचारतात. मराठी शाळा-कॉलेजांत रूढ पद्धत अशी की संघ दोघांचा असतो. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. दोघंही एकाच शाळेचे! दोघांच्या गुणांची बेरीज होऊन सांघिक करंडक ठरतो. १९८८ पासून होणाऱ्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेची रीत वेगळी आहे. तिथे तिघं एकाच बाजूनं बोलतात, प्रत्येकाला ८ मिनिटं, शेवटी ४ मिनिटांचं समारोपाचं उत्तर, आणि भाषण चालू असताना समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडची दोन्ही बाजूंची पद्धत मात्र गावाकडच्या मुलांच्या फार उपयोगाची आहे.

पवना धरणाचं उदाहरण घ्या. धरण मावळात, पाणी पिणारं मोठं शहर पिंपरी-चिंचवड. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून महापालिका ते उचलते. त्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत बंद पाइपलाइन टाकायचं ठरलं. मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथं द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. आता 'शहरासाठी बंद पाइपलाइन योग्य आहे' असा विषय निघाला तर मावळातल्या एका पोराला शहराची बाजू मांडावीच लागेल: वाटेत पाणी मुरतं, त्यात सांडपाणी मिसळतं, नळाला पाणी कमी येतं. निगडीच्या एका पोरीला नदीकाठच्या मोटारी, विहिरी आणि कोरडं पात्र यांवर बोलावं लागेल. घरात जे ऐकलंय त्याच्या उलट बोलताना जीभ अडखळते. पण त्या अडखळण्यातूनच मूल समोरच्याचं म्हणणं पहिल्यांदा नीट वाचतं.

पट्ट्यात असे विषय ढिगानं आहेत. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी, भामा-आसखेडचं पाणी, एमआयडीसीत गेलेली जमीन आणि त्या बदल्यात आलेला पगार. 'विज्ञान शाप की वरदान' यापेक्षा हे कधीही बरे. म्हाळुंगे-निघोजेच्या मुलाला त्यासाठी पुस्तक शोधावं लागत नाही, आजोबांना विचारलं तरी अर्धं भाषण होतं.

गुण सहसा मांडणी, पुरावा, भाषा, सादरीकरण आणि खंडन यांना विभागून देतात. खंडन म्हणजे आधीच्या वक्त्याचा मुद्दा नाव घेऊन खोडणं. गावाकडची मुलं सर्वांत जास्त गुण इथेच घालवतात, कारण पाठ केलेल्या भाषणात दुसऱ्याचं उत्तर आधी लिहून ठेवता येत नाही. उपाय साधा आहे. वर्गात दोघांना उभं करायचं, एकानं मिनिटभर बोलायचं, दुसऱ्यानं 'तू असं म्हणालास, पण...' अशी सुरुवात करून उत्तर द्यायचं. आठवड्याभरानं बाजू बदलायची. वहीत पूर्ण भाषण न लिहिता फक्त मुद्दे लिहायचे.

भाषेची भीतीही घालवायला हवी. 'व्हतं', 'न्हाई' म्हणणारं मूल हसू होईल म्हणून मागं राहतं. कारखान्यांमुळं मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं तर तोंडच उघडत नाहीत. गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत, लोकांना प्रश्न विचारत कीर्तनं केली, आणि लोक ऐकत राहिले. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. निबंध तो, भाषण नव्हे, पण शाळकरी मुलीनं स्वतः पाहिलेलं लिहिलं म्हणून आजही वाचला जातो. उच्चार सुधारतात, सरावानं लवकर सुधारतात. मुद्दा उसना असेल तर तो सुधारत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा'. म्हणजे बोलायला उत्तेजन द्यावं लागतं, हे तेव्हाही माहीत होतं.

नाव देताना तीन गोष्टी आधी विचारून घ्या: बाजू शाळेनं ठरवायची की चिठ्ठीनं, वेळेची पहिली घंटा कितव्या मिनिटाला, आणि कागद हातात चालतो का. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र सोबत ठेवा. शहरातल्या स्पर्धा लांबतात, त्यामुळं लांबच्या शाळांनी बोलण्याचा क्रम आधी मागून घ्यावा. बहुतेक आयोजक देतात. निकालाला थांबायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवलेली बरी.