मात्सुए येथील नवखे गुरुजी

शिक्षकास प्रथम काय हवे, पदवी की अनुभव, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणी आता परदेशांतील शाळांतून अध्यापनासाठी जात आहेत. घर सोडताना त्यांच्या मनात हीच धास्ती असते की, भाषा परकी, मुले परकी. आपला निभाव कसा लागावा? अशा वेळी ज्याच्याजवळ पदवीही नव्हती आणि अनुभवही नव्हता, अशा एका शिक्षकाचे चरित्र उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात सादर करीत आहे.

लाफकाडिओ हर्न यांचा जन्म १८५० साली ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर झाला. पिता आयरिश, माता ग्रीक. बालपणीच आईबापांचे छत्र दुरावले व एका नातेवाईक वृद्धेने त्यांस वाढविले. इंग्लंडमधील शाळेत असताना, सोळाव्या वर्षी, खेळताना झालेल्या अपघाताने डावा डोळा कायमचा गेला. पुढे त्या वृद्धेचे द्रव्य बुडाल्यामुळे शिक्षणही अर्धवटच राहिले. एकोणिसाव्या वर्षी ते अमेरिकेस गेले आणि हालअपेष्टा सोसून सिनसिनाटी व न्यू ऑर्लिन्स येथे वृत्तपत्रांतून नावारूपास आले. १८९० च्या एप्रिलमध्ये ते जपानात उतरले तेही लेखक म्हणून. परंतु ज्या प्रकाशनसंस्थेसाठी लेख लिहावयाचे होते तिच्याशी लवकरच बिनसले, आणि चाळिसाव्या वर्षी पोटापाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

त्या काळी जपान पाश्चात्त्य विद्या झपाट्याने आत्मसात करीत होता व त्यासाठी परदेशी शिक्षकांस पगार देऊन बोलावीत होता. तोक्यो येथील प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन यांच्या साहाय्याने हर्न यांस मात्सुए या दूरच्या गावी इंग्रजीच्या शिक्षकाची जागा मिळाली. मुदत एक वर्षाची, वेतन दरमहा १०० येन. मात्सुए हे शिंजी सरोवराकाठचे जुने सरदारी गाव. तेथील माध्यमिक शाळा व अध्यापनशाळा, दोन्हीकडे त्यांस शिकवावयाचे होते. २ सप्टेंबर १८९० रोजी ते कामावर रुजू झाले. जपानी भाषा त्यांस अवगत नव्हती आणि शाळेत शिकविण्याचा अनुभव तर मुळीच नव्हता.

शिवाय तेथील विद्यार्थी म्हणजे शिक्षकाच्या मुठीतील मुले नव्हती. हर्न यांनी स्वतःच नमूद केले आहे की, इतरत्र शिक्षक विद्यार्थ्यास काढून टाकतो, तर जपानात विद्यार्थीच शिक्षकास घालवितात, असेही तितक्याच वेळा घडते. नवख्याची परीक्षा येथेच होती. सुदैवाने निशिदा सेन्तारो नावाचे सहृदय सहशिक्षक त्यांस लाभले. निशिदा यांनी दुभाष्याचे काम केले, गावच्या चालीरीती समजावून दिल्या आणि शाळेची घडी उलगडून दाखविली. हर्न यांनी या उपकाराची जाणीव ठेवून १८९५ साली आपला एक ग्रंथ निशिदा यांस अर्पण केला.

वर्गात हर्न यांनी एक साधा मार्ग धरला. ते मुलांकडून इंग्रजीत निबंध लिहवून घेत आणि भाषेच्या चुका सुधारीत असतानाच त्यांतील विचार लक्षपूर्वक वाचीत. निरनिराळ्या मुलांच्या निबंधांत तीच ती कल्पना वारंवार येते हे त्यांनी पाहिले. तो केवळ बुद्धीचा तोकडेपणा आहे असे ठरवून ते मोकळे झाले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या संस्कारांचा तो वारसा आहे, असा अर्थ त्यांनी लावला. मुलेही मोकळेपणाने प्रश्न विचारू लागली. एकाने विचारले की, पिता व पत्नी दोघेही समुद्रात पडली तर युरोपीय मनुष्य प्रथम पत्नीस वाचवितो हे खरे काय? हर्न यांनी प्रश्नाची थट्टा केली नाही. बहुधा तसेच घडेल असे सांगून, दुर्बलास आधी साहाय्य करावे हे तिकडे कर्तव्य मानतात, असे त्यांनी समजाविले. प्रश्नकर्त्याच्या मनातील पितृभक्तीही त्यांनी ओळखली.

संध्याकाळी विद्यार्थी त्यांच्या घरी येऊन बसत व घरातील पिढीजात वस्तू जपून आणून दाखवीत. एक गुणी विद्यार्थी अकाली वारला, तेव्हा हर्न यांनी त्याच्याविषयी अत्यंत हळुवारपणे लिहून ठेवले. १८९१ च्या नोव्हेंबरात ते कुमामोतो येथील शाळेत जाण्यास निघाले, तेव्हा मुलांनी त्यांस तलवार भेट दिली. अवघ्या चौदा-पंधरा महिन्यांच्या शिक्षकास हा मान!

पुढे कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील पत्नीचे कुलनाम स्वीकारून ते १८९६ साली जपानचे नागरिक झाले आणि कोइझुमी याकुमो हे नाव त्यांनी धारण केले. त्याच वर्षी, पदवी नसतानाही, ते तोक्योच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागले. १९०३ साली तेथून त्यांस जावे लागले, तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध केला. २६ सप्टेंबर १९०४ रोजी ते निवर्तले. विद्यापीठात ते इतके सावकाश बोलत की विद्यार्थ्यांस शब्द न्‌ शब्द उतरून घेता येई. त्यांच्या व्याख्यानांचे ग्रंथ निघाले ते त्यांच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. आयुष्यभर लेखणी चालविलेल्या या पुरुषाचे अध्यापन टिकून राहिले ते शिष्यांच्या हस्ताक्षरात.

तात्पर्य, पदवीचे मोल कमी नाही आणि अनुभवाचेही नाही. ज्यांस ती मिळविता येतील त्यांनी अवश्य मिळवावी. परंतु ही दोन्ही हाती नसताना हर्न यांस ज्याने तारले, ते विद्यार्थ्याकडे आदराने पाहण्याचे व्रत. प्रथम आपण मुलांस वाचावे, मग मुलांनी आपणांस ऐकावे, हा क्रम त्यांनी पाळला. परदेशी शाळेच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्या ज्ञातीतील नव्या शिक्षकांनी ही एवढी शिदोरी बरोबर न्यावी, अशी त्यांस प्रेमाची सूचना व शुभेच्छा!