तिबिदाबोचा डोंगर आणि दोराची गाडी

श्रोतेहो, ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे त्यांना आजचा विषय निम्मा ठाऊकच आहे. मोटेचे बैल धावेवरून खाली उतरतात आणि भरलेली मोट विहिरीतून वर येते. उतरणाऱ्याचा भार चढणाऱ्याच्या कामी येतो. आता विहिरीच्या जागी डोंगर कल्पा, मोटेच्या जागी माणसांनी भरलेला रेल्वेचा डबा, आणि नाड्याच्या जागी पोलादी दोर. झाली फ्युनिक्युलर रेल्वे! हा शब्दही दोरीवरूनच आला आहे. लॅटिन भाषेत ‘फ्युनिक्युलस’ म्हणजे बारीक दोरी.

अशीच एक दोराची गाडी लोकांना केवळ करमणुकीसाठी डोंगराच्या माथ्यावर नेऊ लागली, तिची हकिकत आज सांगावयाची आहे. हा डोंगर स्पेन देशात, बार्सिलोना शहराच्या पाठीशी आहे. समोर भूमध्य समुद्र, मागे कोल्सेरोला नावाची डोंगररांग, आणि या दोहोंच्या मध्ये शहर. रांगेतला सर्वांत उंच डोंगर तो तिबिदाबो. उंची ५१२ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने तो लहानच. पण माथ्यावर उभे राहिले की सगळे शहर आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत येतो.

त्याच्या नावातही एक गोष्ट दडली आहे. लॅटिन भाषेत ‘तिबी दाबो’ म्हणजे ‘तुला देईन’. बायबलमध्ये कथा आहे की, सैतानाने येशूला उंच पर्वतावर नेले, खालची सगळी राज्ये दाखविली, आणि ‘मला नमस्कार कर, हे सारे तुला देईन’ असा मोह घातला. येशूने तो झिडकारला. त्या कथेतले शब्द या डोंगराला चिकटले. ‘तुला देईन’ म्हणणारा डोंगर! पण तो कोणाला काय देणार, हा प्रश्न पुढे खरोखरच उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात बार्सिलोना हे आपल्या मुंबईसारखेच कापडगिरण्यांचे शहर होते. जुन्या तटबंदीत ते इतके कोंडले होते की अखेर १८५४ पासून तट पाडावयास सुरुवात झाली आणि शहर बाहेर पसरू लागले. १८८८ मध्ये तेथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. शहर डोंगराच्या दिशेने सरकत होते. मात्र माथा गाठायचा तर चढण चढणे आले. धडधाकट माणूस चढे. म्हातारी माणसे आणि लहान लेकरे खालीच राहत.

या गोष्टीत संधी दिसली ती साल्वादोर आन्द्रेऊ या गृहस्थाला. हा धंद्याने औषधे करणारा. खोकल्याच्या गोळ्यांनी त्याचे नाव घरोघर पोचले होते. त्याच्या पुढाकाराने १८९९ मध्ये एक कंपनी निघाली. डोंगराच्या पायथ्याशी जमिनी घ्यायच्या, तेथून रुंद रस्ता काढायचा, त्याच्या दोन्ही अंगांना बंगल्यांचे भूखंड विकायचे, आणि माथ्यावर करमणुकीची जागा करायची, असा तिचा बेत होता. म्हणजे गाडी ही काही केवळ परोपकार नव्हती. माथ्यापर्यंत सहज जाता आले तर पायथ्याच्या जमिनीला भाव येईल, हा हिशेब त्यात होता.

२९ ऑक्टोबर १९०१ रोजी ही गाडी सुरू झाली. स्पेनमधली ही पहिलीच फ्युनिक्युलर. तिच्या पायथ्याच्या स्थानकापर्यंत लोकांना आणण्यासाठी त्याच वर्षी निळ्या रंगाची विजेची ट्राम सुरू झाली. ती ‘निळी ट्राम’ म्हणूनच प्रसिद्ध झाली आणि २०१८ मध्ये थांबेपर्यंत लोकांच्या जिव्हाळ्याची राहिली.

आता गाडीची रचना पाहू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी येथे जरा लक्ष द्यावे, कारण वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे. रुळांची लांबी सुमारे ११०० मीटर आणि चढ सुमारे २७५ मीटरांचा. म्हणजे चार पावले चालावीत तर एक पाऊल उंची वाढते. नुसत्या इंजिनाची चाके अशा चढावर घसरतील. म्हणून दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधतात आणि दोर वरच्या स्थानकातल्या मोठ्या चाकावरून नेतात. एक डबा उतरू लागला की दुसरा चढू लागतो. डब्यांचे वजन एकमेकांना तोलून धरते. समजा, वर जाणाऱ्या डब्यात चाळीस माणसे आहेत आणि खाली येणाऱ्यात दहा. मग यंत्राला पन्नास माणसांचा आणि दोन डब्यांचा भार ओढावा लागत नाही. वरच्या तीस माणसांचा फरक आणि चाकांचे घर्षण, एवढ्यापुरतीच मुख्यतः त्याला ताकद लावावी लागते. आणि खाली येणारेच जास्त असले तर? तर गाडी आपण होऊनच चालू पाहते, आणि यंत्राला तिला ओढण्याऐवजी आवरावे लागते.

दोन डबे, पण मार्ग एकच. मग ते समोरासमोर आदळत कसे नाहीत? मार्गाच्या बरोबर मध्यावर रूळ फुटून दोन वाटा होतात आणि पुढे पुन्हा एक होतात. दोराची लांबी ठरलेली, म्हणून डब्यांची गाठ नेमकी तेथेच पडते. प्रत्येक डब्याने आपली बाजू चुकू नये, यासाठी कार्ल रोमन आब्ट या स्विस अभियंत्याने एक साधी युक्ती काढली. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना आत आणि बाहेर अशा दोन्ही कडा ठेवायच्या, म्हणजे ती बाहेरचा रूळ सोडीत नाहीत. दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि सपाट करायची, म्हणजे ती मधल्या रुळांवरून आणि दोरावरून सहज पार होतात. एक डबा नेहमी डावीकडून जातो आणि दुसरा नेहमी उजवीकडून. सांधा बदलणारा माणूस नको की सांधाही नको. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील गीसबाख येथे ही युक्ती वापरली गेली आणि पुढे जगभर पसरली.

तुम्ही विचाराल, दोरच निसटला तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून डब्याच्या स्वतःच्या अंगी, दोरावाचूनही त्याला जागच्या जागी रोखील असा ब्रेक असावा लागतो. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते अलीकडेच दिसले. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात ग्लोरिया नावाची जुनी दोराची गाडी १८८५ पासून चालत होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी दोर जोडाच्या ठिकाणी सुटला, ब्रेकांनी डबा आवरला नाही, आणि सोळा माणसे प्राणास मुकली. यंत्र शंभर वर्षे चालले, म्हणून उद्याही चालेल असे नाही. दोराची रोजची तपासणी आणि ब्रेकाची ताकद यांत कसूर चालत नाही.

तिबिदाबोच्या माथ्यावर खेळ हळूहळू वाढत गेले. १९०४ मध्ये डोंगराच्या कुशीत फाब्रा वेधशाळा उभी राहिली. १९०२ मध्ये माथ्यावरच्या मोठ्या चर्चचे काम सुरू झाले, ते १९६१ मध्ये पुरे झाले. करमणुकीच्या बागेत १९२१ मध्ये ‘तलाया’ म्हणजे टेहळणीचा पाळणा आला. लांब लोखंडी हाताच्या टोकाला बसून माणूस डोंगरमाथ्याच्याही वर जाई. १९२८ मध्ये लाल रंगाचे विमान आले. त्याच्या आदल्या वर्षी बार्सिलोना ते माद्रिद अशी विमानवाहतूक सुरू झाली होती. त्या विमानाच्या धर्तीचे हे विमान लोखंडी हाताला लटकते, त्याचा पंखा फिरतो, आणि कड्याच्या बाहेर, मोकळ्या हवेवरून ते गोल फिरते. विमानाचे तिकीट ज्यांना कधीच परवडले नसते, त्यांना येथे उडण्याची मौज थोड्या पैशांत मिळाली. हे विमान अजून फिरते आहे.

आणि ‘तुला देईन’ या वचनाचे काय झाले? प्रथम बंगले लाभले ते धनिकांना. पण दोर काही श्रीमंत-गरीब ओळखत नाही. तिकीट काढले की तो सर्वांना सारख्याच वेगाने वर नेतो. शतकभरात शहरातल्या पिढ्यान् पिढ्या बालपणी या गाडीने माथ्यावर गेल्या. कंपनीचे दिवस पुढे फिरले. २००२ मध्ये बार्सिलोनाच्या महापालिकेने ही बाग विकत घेतली. जमिनीला भाव यावा म्हणून घातलेला दोर शेवटी गावाच्या मालकीचा झाला. जुन्या गाड्या काढून २०२१ मध्ये नव्या गाड्या आल्या, तेव्हा तिचे नाव ‘कूका दे य्यूम’ ठेवले गेले. त्याचा अर्थ काजवा.

आपल्याकडेही ही युक्ती आता परकी राहिलेली नाही. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीच्या गडावर २०१८ मध्ये अशीच ट्रॉली सुरू झाली. पाचशेहून अधिक पायऱ्या ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, त्या आजीबाई आता देवीच्या पायाशी पोचतात. तेथे मौज आहे, येथे भक्ती. ओझे उचलणारा दोर मात्र तोच.

शिक्षकांना शेवटी एक सुचवितो. दोन रिकाम्या काड्यापेट्या, दोऱ्याचे एक रीळ आणि एक तिरपी फळी घ्या. रीळ फळीच्या वरच्या टोकाला खिळ्यावर सैल बसवा, दोरा त्यावरून टाका आणि टोकांना पेट्या बांधा. एका पेटीत चार खडे टाका, दुसरीत पाच. मग मुलांना विचारा, कोणती पेटी चढेल आणि का? उत्तर मुले स्वतःच शोधून काढतील. त्यांनी ते शोधले की मग तिबिदाबोची ही गोष्ट सांगा.