न झालेल्या वीजसवलतीचा इतिहास कसा लिहायचा?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की पहिला सल्ला ठरलेला असतो: एखादी योजना निवडा, शासन निर्णय काढा, लाभार्थी मोजा. आज उलट्या टोकाचं उदाहरण घेऊ. वसई-विरारमधल्या गरीब वृद्धांना घरच्या वीजबिलात, केवळ वय झालं म्हणून, सरकारकडून काय सूट मिळते? काहीच नाही. मग इतिहास कशाचा लिहायचा? या ‘काहीच नाही’चाच. ते कसं घडलं, याचे कागद उपलब्ध आहेत.

दुसरीकडे हे घडलंय. अमेरिकेत १९८१ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या घरांना ऊर्जाबिलासाठी केंद्राचा निधी सुरू झाला, त्यात वृद्ध असलेल्या घरांना प्राधान्य. ब्रिटनने १९९७ मध्ये पेन्शनरांना हिवाळ्याच्या इंधनासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. तिथे भीती थंडीची. आपल्याकडे खाडीकाठचा उकाडा आणि घाम, पण उकाड्याला आपल्या धोरणात कधी ‘गरज’ म्हटलं गेलं नाही.

आता आपले कागद. १९८८-८९ मध्ये केंद्राने ‘कुटीर ज्योती’ आणली: दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण घराला एका दिव्याची जोडणी. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात, वीज राज्य विद्युत मंडळाची. गरिबाची विजेची गरज म्हणजे एक बल्ब, हे माप तिथे दिसतं. पुढे २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणाने गरिबांना विशेष आधार देताना महिन्याला ३० युनिटांचं उदाहरण दिलं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत ते दारिद्र्यरेषेखालील वर्गासाठी वर्षाला ३६० युनिट असं आलं. मर्यादा ओलांडली की तुम्ही सर्वसाधारण घरगुती ग्राहक.

विज्ञानाच्या पोरांनो, इथे कॅल्क्युलेटर काढा. नालासोपाऱ्याच्या चाळीतली एक खोली धरा. ७५ वॅटचा साधा पंखा, माणूस दिवसभर घरात, म्हणून १४ तास चालू. ७५ × १४ × ३० म्हणजे महिन्याला ३१.५ युनिट. असे नऊ महिने धरा आणि थंडीचे तीन महिने रोज ८ तास. वर्षाचे झाले ३३७.५. नऊ वॅटचा एक दिवा रोज पाच तास, त्याचे साधारण १६. उरले सहा युनिट. त्यात ५० वॅटचा टीव्ही रोज वीस मिनिटं बघता येईल, बस्स. कामावर जाणाऱ्या तरुणाचा पंखा दिवसा बंद असतो, म्हाताऱ्याचा नसतो. नियमात वयाचा उल्लेखही नाही, पण मार बसतो तो वयालाच. (आणि मीटर घरमालकाच्या नावावर असेल, तर भाडेकरूच्या गरिबीची नोंद बिलात येतच नाही.)

वय का नाही, याचं उत्तर वीज कायदा २००३ च्या कलम ६२(३) मध्ये आहे. हे कलम मुळातून वाचा, कुणाच्या सारांशावर विसंबू नका. आयोगाने ग्राहकांत फरक करायचा तो भार, व्होल्टेज, एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, वापराचा हेतू अशा निकषांवर. ग्राहकाचं वय त्या यादीत नाही. म्हणजे रस्ता बंद? नाही. कलम ६५ सांगतं, राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सूट द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरावी. ही वाट वापरली गेलीय. यंत्रमागांना सवलत मिळाली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. त्यांच्यामागे संघटना होत्या, मतदारसंघ होते. चाळीतल्या खोलीत एकट्या बसलेल्या माणसामागे कोण? कायद्याने अडवलं, असं लिहिणारे प्रबंध म्हणूनच मला अर्धवट वाटतात.

मग वृद्धांकडे सरकार पाहतं कुठून? पेन्शनमधून. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १५०० रुपये, वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये. गिरण्या बंद झाल्यावर विरार-नालासोपाऱ्याकडे आलेल्या कामगारांपैकी ज्यांना ईपीएस-९५ लागू आहे, त्यांचं किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयांवर अडकलंय. औषध, तांदूळ, बिल सगळं त्यातच. ‘रोख रक्कम दिलीच आहे की’ हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण वीजदर बदलला म्हणून ही रक्कम आपोआप बदलत नाही.

गॅसची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत, उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या घरांना. लाडकी बहीणची वयोमर्यादा २१ ते ६५. उज्ज्वलाचं कनेक्शन नसलेली, एकटी राहणारी सदुसष्ट वर्षांची बाई दोन्हीतून सुटली. विजेत वय मोजलंच नाही, आणि गॅसमध्ये मोजलं ते तिला बाहेर ठेवणाऱ्या आकड्याने.

तुमच्यापैकी कुणी हा विषय घेणार असेल तर एक अडचण आधीच सांगते. वीजबिलावर वर्गवारी असते, मंजूर भार असतो, युनिट असतात, जन्मतारीख नसते. त्यामुळे महावितरणच्या आकडेवारीतून वृद्ध ग्राहक वेगळे काढता येणार नाहीत. घरोघरी जावं लागेल, तेही मे महिन्यात, दुपारी, पंखा चालू आहे की बंद हे बघायला.