‘डिलीट फॉर एव्हरीवन’च्या आधी: पाठवलेला शब्द परत घेण्याचा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करतो. काही वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरलं होतं, घरात खर्चाची चर्चा चालू होती. रात्री ताईला मेसेज टाइप केला, “काका परत पैशांचा विषय काढतील बघ. त्यांना हिशोबापलीकडे काही दिसतच नाही.” पाठवला, आणि मग वर नाव वाचलं. ताई नव्हती ती, आमचा फॅमिली ग्रुप होता. काकांसकट तेवीस माणसं. आणि हे तेच काका, ज्यांनी माझ्या बीटेकच्या पहिल्या वर्षाची होस्टेलची फी भरली होती.

पुढची गंमत ऐका. हात थरथरत होता, मेसेज दाबून धरला, डिलीट केलं. पण घाईत पर्याय निवडला ‘माझ्यासाठी डिलीट’ हा! म्हणजे माझ्या स्क्रीनवरून मेसेज गेला आणि उरलेल्या बावीस जणांकडे तो तसाच राहिला. आता तो सर्वांकडून पुसायला माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस मी, आणि ही अवस्था.

त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला: पाठवलेला शब्द परत घ्यायची सोय माणसाला कधीपासून हवी होती, आणि ती कोणी कशी दिली?

पत्रामागे धावणारी तार

आपल्याकडे याचं एक झकास उत्तर १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात सापडतं. हो, तोच कायदा जो कॉमर्स आणि लॉची मुलं अजून पाठ करतात. त्यात घर विकण्याचं उदाहरण आहे. समजा, मी तुम्हाला पत्राने कळवलं की माझं घर अमुक किमतीला विकतो. तुम्ही होकाराचं पत्र पोस्टात टाकलंत, की त्या क्षणी मी बांधला गेलो, मला माघार नाही. पण तुम्हाला मात्र तुमचा होकार परत घेता येतो, ते पत्र माझ्या हातात पडेपर्यंत!

आता मुंबईहून नागपूरला निघालेलं पत्र परत कसं घेणार? त्याच्या आधी पोचेल असं काहीतरी पाठवून. म्हणजे तार. पत्र रेल्वेने जातंय, तार तारेवरून. कायद्याच्या उदाहरणांत तारेने माघार घेण्याचा उल्लेखच आहे. मला हे वाचून फार मजा वाटली, कारण अन्डूचं पहिलं तत्त्व इथे आहे: दुसरा संदेश पहिल्यापेक्षा वेगवान हवा.

टपाल खात्याचा विचार थोडा वेगळा होता. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात वाटेतलं टपाल पाठवणाऱ्याला परत देण्यासाठी सरकारला नियम करता येत होते, पण त्या नियमांबाहेर पत्र परत मागण्याचा हक्क पाठवणाऱ्याला नव्हता. पेटीत हात घालून आपलं पाकीट काढून घेतलं, असं चालत नाही.

आणि तार? तिच्यापेक्षा वेगवान काही नव्हतं, त्यामुळे गेलेली तार गाठणार कशी? जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तोवर आपल्या खिशात एसएमएस येऊन बरीच वर्षं झाली होती.

एसएमएस: बटण होतं, पण आपल्याला दिलं नाही

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून व्होडाफोनच्या नेटवर्कवर पाठवला, मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. आपल्याला १६० अक्षरांची मर्यादा आठवत असेल. प्रत्येक अक्षराला ७ बिट, म्हणजे एकूण ११२० बिट, म्हणजे बरोबर १४० बाइट. (मराठीत लिहिलं की तेच ७० वर यायचं, कारण देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला १६ बिट लागतात.)

एसएमएस थेट समोरच्या फोनवर जात नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये जातो. समोरचा फोन बंद असेल तर तिथेच थांबतो. पोस्टाच्या पेटीसारखंच झालं. आता इंजिनिअर म्हणून मला आवडलेली गोष्ट: जीएसएमच्या मूळ नियमावलीतच, सेंटरमध्ये थांबलेला मेसेज पुसण्याची आज्ञा लिहिलेली आहे! म्हणजे ज्यांनी एसएमएस रचला त्यांनाही ही गरज सुचली होती. पण माझ्या एकाही जुन्या फोनच्या मेनूत ते बटण मला कधी दिसलं नाही.

थांबवून ठेवायची युक्ती

ईमेलचं तसंच. १९८२ मध्ये ईमेल पोचवण्याची जी पद्धत ठरली, त्यात परत बोलावण्याची सोय नाही. आउटलुकमध्ये ‘रिकॉल’ आहे, पण ते साधारणपणे एकाच संस्थेतल्या मेलसाठी चालतं. बाहेर गेलेली मेल गेली.

मार्च २००९ मध्ये जीमेलने प्रयोग म्हणून ‘अन्डू सेंड’ आणलं. पाच सेकंदांची मुदत. २०१५ मध्ये ते सगळ्यांसाठी पक्कं झालं, मुदत तीस सेकंदांपर्यंत ठेवता येते. पण यात ते मेल परत आणतच नाहीत! ‘सेंड’ दाबल्यावर मेल आपल्याच दारात थांबवून ठेवतात. आपल्याला वाटतं गाडी सुटली, प्रत्यक्षात ती फलाटावरच उभी असते. धावत जाऊन पत्र गाठण्यापेक्षा पोस्टमनलाच दारात चहाला बसवण्याचा प्रकार.

दुसऱ्याच्या फोनला केलेली विनंती

चॅटमध्ये असं थांबून कसं चालेल? म्हणून तिथे तिसरी युक्ती आली. टेलिग्रामने जानेवारी २०१७ मध्ये ४८ तासांच्या आतला मेसेज मागे घेऊ दिला, मार्च २०१९ पासून तर कधीचाही मेसेज दोन्हीकडून पुसता येतो. व्हॉट्सअॅपचं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ २०१७ च्या शेवटी आलं, तेव्हा मुदत होती सात मिनिटं. मार्च २०१८ मध्ये ती झाली १ तास ८ मिनिटं १६ सेकंद. एवढा विचित्र आकडा का? सेकंद मोजा: ४०९६. म्हणजे दोनाचा बारावा घात. कुठल्यातरी प्रोग्रामरला तो आकडा गोल वाटला असणार, आमच्या जमातीचं असंच असतं! ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत दोन दिवसांच्या थोडी वर गेली.

पण यात नेमकं होतं काय? तुम्ही आणखी एक मेसेज पाठवता, ‘अमुक मेसेज पुसून टाक’ असा. तो समोरच्या फोनने ऐकायचा असतो. तोवर नोटिफिकेशन वाचलेलं असू शकतं, स्क्रीनशॉट काढलेला असू शकतो. शिवाय मागे पाटी उरते, की इथला मेसेज पुसला आहे. ती पाटी बघितली की मूळ मेसेज वाचला नसता तेवढं कुतूहल जागं होतं.

मुदत किती द्यायची हाही साधा प्रश्न नाही. २०२२ मध्ये अॅपलने आयमेसेजमध्ये मागे घेण्याची सोय आणली, तेव्हा चाचणीच्या आवृत्तीत पंधरा मिनिटं होती. धमकी द्यायची आणि पुरावा पुसायचा, असा तिचा छळासाठी वापर होईल, अशी भीती एका वकील बाईंनी कंपनीला कळवली होती. अंतिम आवृत्तीत मुदत दोन मिनिटांवर आली. मेसेज दुरुस्त करायला पंधरा मिनिटं दिली, पण आधीचा मजकूर समोरच्याला बघता येतो.

हे दुसरं का महत्त्वाचं, ते पुण्याच्या लोकांना समजवायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. आख्यायिका अशी, की मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. तो बदल खरंच कोणी केला यावर वाद आहेत. पण आज आपण दुरुस्त मेसेजखाली ‘एडिटेड’ बघतो ना, ती पाटी कशासाठी असते हे त्या एका अक्षरावरून कळतं.

अडतीस मिनिटं

आणि परत घेण्याची तयारीच नसेल तर? १३ जानेवारी २०१८, हवाई बेटं. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लोकांच्या फोनवर सरकारी इशारा आला की क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, ही कवायत नाही. प्रत्यक्षात ती कवायतच होती, इशारा चुकून खरा गेला. फोनवर खुलासा यायला अडतीस मिनिटं लागली. खोटा इशारा गेला तर काय करायचं, याची पद्धतच आधी ठरवलेली नव्हती, असं चौकशीत निघालं. विचार करा, अडतीस मिनिटं मुलांना जवळ घेऊन बसलेली माणसं. तिथे पुसून काय होणार होतं? तिथे हवा होता दुसरा, स्पष्ट मेसेज: चूक झाली, घाबरू नका.

हे वाचलं तेव्हा मला माझी ती रात्र आठवली. मीसुद्धा पुसण्याच्याच मागे होतो. ताईने शेवटी सुनावलं, “अरे, फोन हातात आहे ना? मग लाव की.”

सकाळी सात वाजता काकांना फोन लावला. म्हटलं, “काका, ग्रुपवरचा तो मेसेज...” ते म्हणाले, “वाचला मी. तुझ्याकडून दिसेनासा झाला म्हणून माझ्या डोक्यातून जातो का रे?” मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, “हिशोब बघतो, कारण घरात दुसरं कोणी बघत नाही.”

ते लग्नाला आले, मांडववाल्याचा हिशोबही त्यांनीच चुकता केला. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला मात्र त्यांना वर्ष लागलं. चुकून ‘माझ्यासाठी डिलीट’ केलं तर काही सेकंद ‘अन्डू’ दाबायची सोय व्हॉट्सअॅपने २०२२ मध्ये आणली. ती बातमी वाचून मी काकांना सांगितली. ते म्हणाले, “त्यापेक्षा पाठवायच्या आधी वर नाव वाचत जा.”

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमचा चुकून गेलेला मेसेज कुठला, आणि नंतर काय झालं, जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.