दहाच्या नाण्याची गोष्ट

मंडळी, तुमच्या गावचा एखादा मुलगा कुवेतला नोकरीला असेल, तर 'दिनार' हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. संस्कृत वाचणाऱ्या गुरुजींना 'दीनार' ठाऊक असतो. मग हा शब्द अरबांचा की आपला? खरं म्हणाल, तर मुळात तो दोघांचाही नव्हे. तो रोमचा.

इ.स. पूर्व २११ च्या सुमारास रोमन लोकांनी चांदीचं एक नाणं पाडलं. त्याची किंमत दहा 'अस', म्हणून लॅटिन भाषेत नाव पडलं 'देनारियुस', म्हणजे दहाचं. पुढं सुमारे सत्तर वर्षांनी दहाचे सोळा अस झाले, पण नाव तेच राहिलं. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, तरी 'सोळा आणे खरं' आपण म्हणतोच ना? तसंच हे.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलं आहे, की सोन्याचांदीचे देनारियुस भडोच बंदरात येत आणि तिथं नफ्यानं बदलले जात. त्याच भडोचला पैठण आणि तेर इथून गाड्यांनी माल जाई. नाण्यामागून नावही आलं. सांचीच्या शिलालेखात, गुप्त संवत ९३ म्हणजे इ.स. ४१२-१३ मध्ये, भिक्षूंच्या जेवणासाठी आणि दिव्यासाठी पंचवीस दीनार दिल्याची नोंद आहे.

तिकडे अरबस्तानात दिनार हे सोन्याचं नाणं झालं. स्पॅनिश 'दिनेरो' आणि पोर्तुगीज 'दिन्येरू' म्हणजे नुसता पैसा. इंग्रजांच्या हिशेबात पेनीची खूण १९७१ पर्यंत 'डी' होती, ती देनारियुसचीच. फ्रान्समध्ये त्याचं 'दनिए' झालं आणि ते रेशीम मोजायच्या वजनाला चिकटलं. आज ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे 'डेनियर'. सुताच्या दुकानात विचारून पाहा!

आणि कुवेतची गंमत ऐका. तिथं १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता. मग दिनार आला.

शिक्षकबंधूंनो, मुलं विचारतील, 'दीनार' हा 'दीन'वरून आला का? नाही. नुसत्या आवाजावरून शब्दाचं कूळ ठरवू नये. तो कोणत्या वाटेनं आला, ते पाहावं. ती वाट धरली, तर आणखी एक गोष्ट हाती लागते. देनारियुसच्या पोटातला लॅटिन 'देकेम' आणि आपला संस्कृत 'दश' एकाच मुळाचे. त्या 'दश'चाच आपला 'दहा'. परका म्हणून दारात आलेला पाहुणा नात्यातलाच निघाला.